फोनशिवाय नाही

"फोन लॉकरमध्ये ठेव, आत कॅमेरा चालत नाही," सुपरवायझर बोऱ्हाडेसाहेब म्हणाले. गाड्यांच्या कारखान्यात शलाकाचा पहिलाच दिवस होता.

तिने बाही वर केली. दंडावर छोटासा सेन्सर चिकटवलेला होता. "साहेब, मला लहानपणापासून डायबेटीस आहे. साखर घसरली की हा फोनवर इशारा देतो. फोनशिवाय मी लाईनवर उभी राहणार नाही."

साहेब मॅनेजरकडे गेले. परतले ते चिकटपट्टी घेऊन. फोनच्या कॅमेऱ्यावर ती लावत म्हणाले, "आता घे जवळ."

जेवणाच्या सुट्टीआधीच फोन कर्कश वाजला. साखर बासष्टवर घसरली होती! शेजारच्या ढमालेकाकांनी तिच्या हातातलं स्क्रू आवळायचं मशीन काढून घेतलं. "बस पोरी, मी बघतो." तिने ग्लुकोजचं पाणी गटागटा पिऊन टाकलं. लाईनवरचा जो तो मान वळवून विचारत होता, "किती झाली?"

पंधरा मिनिटांनी शलाका आनंदाने ओरडली, "अठ्ठ्याण्णव!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बोऱ्हाडेसाहेब हसत म्हणाले, "दोनच रन राहिले. शतक झालं की ऊठ!"