साम्राज्य बुडण्याची कारणं

"साम्राज्यं तलवारीने बुडत नाहीत! ती आतून पोखरली जातात!" अशी गर्जना करून सरांनी टेबलावर मूठ आपटली. टेबलाचा पाय निखळला आणि खडू, डस्टर, पाण्याचा पेला असं सगळं राज्य जमिनीवर आलं.

सगळा वर्ग मदतीला धावला. सगळा वर्ग म्हणजे एक विद्यार्थिनी. तिने कोपऱ्यातली वीट आणून टेबलाखाली सरकवली, हात झटकले आणि पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

"टिपून घ्या," सर म्हणाले.

"घेतलंय. गेल्या आठवड्यातही हेच म्हणालात."

"महत्त्वाचं आहे."

"टेबल तेव्हाही पडलं होतं, सर."

कॉलेजात सरांना 'सनावळी' म्हणत. विद्यार्थी कितीही लहान असो, सर त्याला अहोजाहो करत आणि मग तेवढ्याच अदबीने नापास करत. इतिहास विभाग पूर्वी वरच्या मजल्यावर होता. विद्यार्थी घटत गेले तसा तो एकेक मजला उतरत तळघरात आला. याच्या खाली आता फक्त पाण्याची टाकी होती. भिंतीवरच्या नकाशात ओलीने दोन नवे समुद्र उमटले होते, आणि सरांना खोकला जडला होता.

यंदा पदवीच्या वर्गाला प्रवेशाच्या शेवटच्या दिवसापर्यंत इतिहासाकडे कुणी फिरकलं नव्हतं. खिडकी बंद होता होता ही आली. का आली ते सरांना ठाऊक होतं. त्यावर दोघं पुन्हा बोलले नाहीत. ती घरचं आवरून धापा टाकत यायची, हजेरीला "हजर" म्हणायची, आणि सर खोकू लागले की न बोलता टेबलावर खोकल्याची गोळी ठेवून जायची.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. प्राचार्य भला माणूस होता, म्हणजे वाईट बातमी चहा पाजून सांगायचा.

"सरळ सांगतो, सर. उद्या तुमची विद्यार्थिनी पास झाली, तर विभाग आणखी एक वर्ष तरेल. नापास झाली, तर खोली व्यवस्थापन शाखेवाल्यांना आणि तुम्हाला निरोप समारंभ."

"तयारी चांगली आहे तिची."

"समजा अडखळली, तर... परीक्षक तुम्हीच आहात. मी शेजारी बसेन नुसता. नियमांत कुठे अडत नाही, पाहून घेतलंय मी."

"माझ्या हातात फक्त प्रश्न असतात. मी विश्वस्तांच्या भाच्यालासुद्धा..."

"त्या भाच्याचं नाव काढू नका. तो आता विश्वस्त आहे."

सरांनी चहा संपवला. प्राचार्यांनी आवाज उतरवला. "मुलगी बोलावतेय ना तुम्हाला? नातू चालायला लागला असेल आता."

"धावतो म्हणे. पण विभाग सोडून कसा जाणार?"

"घरून काही म्हणत नाहीत?"

"घरून पूर्ण पाठिंबा आहे," सर अभिमानाने म्हणाले.

सरांच्या तोंडी परीक्षेची एक रीत होती. शेवटचा प्रश्न दरवर्षी एकच: साम्राज्य का बुडालं? ज्याला हे सांगता येत नाही त्याला इतिहास येत नाही, मग बाकी उत्तरं कितीही चोख असोत. त्या भाच्याला सगळी युद्धं पाठ होती. तो इथेच गारद झाला होता.

परीक्षेला ती वेळेवर आली. इस्त्रीची साडी, हातात रुमाल. जमीनमहसूल तिने घडाघडा सांगितला. राजपुत्रांची भांडणं तर अशी सांगितली, की जणू शेजारच्या बिऱ्हाडात झाली होती. प्राचार्य निवांत होऊन मोबाइल बघू लागले.

"आता शेवटचा," सर म्हणाले. त्यांचा आवाज जवळजवळ लाडिक झाला होता. "साम्राज्य का बुडालं?"

ती नकाशावरच्या ओलीकडे बघत राहिली.

"माहीत नाही, सर."

प्राचार्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"नीट आठवा," सर म्हणाले. "कालच तुम्ही मला न अडखळता सांगितलंत."

"काल येत होतं."

"एक तरी कारण!"

तिने सरांकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटायला आलं होतं, तिकडेही पाहिलं.

"नाही येत."

"जरा फोड करून विचारा की, सर," प्राचार्य कळवळून म्हणाले. "तुम्ही अर्धं सांगा, अर्धं त्या सांगतील."

सरांचे ओठ हलले. एक शब्द पुरला असता, आणि तो जिभेवर आलाही होता. पण परीक्षेत उत्तर सुचवायचं पाप त्यांनी जन्मात केलं नव्हतं. खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत त्यांनी पेन घट्ट धरून ठेवलं, आणि मग ठळक अक्षरांत लिहिलं: नापास.

प्राचार्य उठले. जाताना त्यांनी भिंतीवर दोनदा थाप मारून पाहिली. व्यवस्थापनवाल्यांना ती पाडायची होती.

सर टेबलाशी बसून राहिले. आयुष्यभर शिकवलेली सगळी साम्राज्यं एकदम अंगावर कोसळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुम्हाला येत होतं," ते हळूच म्हणाले.

तिने टेबलाखालची वीट पायाने नीट सरकवली, पर्समधून खोकल्याची गोळी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"अहो, लेकीला मी कळवते आपण येतोय म्हणून. तुम्ही येताना तेवढं दूध आणा, सकाळचं नासलंय."