आधी कुठं, मग काय

अंकितानं कळ दाबली. पडद्यावर खातेदारांची नावं यायला हवी होती. आली ती पुन्हा कोरी जागाच. वर यंत्राचा शेरा : काम यशस्वी.

"यशस्वी म्हणे! मेल्या, नावं कुठं गिळलीस?" ती लॅपटॉपवर खेकसली.

दहा-अकरा वर्षं तिनं बँकेच्या मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य संगणकासाठी कोबोल भाषेत प्रोग्रॅम लिहिले होते, अगदी डोळे मिटून. आता साहेबांना असेंब्लर हवं होतं, म्हणजे थेट यंत्राच्या पोटात शिरून लिहायची भाषा. आजची परीक्षा पास झाली तर सांगलीतून, घरूनच काम चालू; नाहीतर चंबूगबाळं उचलून पुण्याच्या ऑफिसात. नवरा शिवतेज फौजेत, सीमेवर. प्रांजल चार वर्षांची. पोरीला इथं सोडवत नव्हतं, आणि तिकडं न्यायचं तर कुणाच्या भरवशावर?

सासूबाई चहा घेऊन आल्या. सुनेची परीक्षा म्हणून शालूबाईंनी आज सकाळपासून टीव्हीसुद्धा लावला नव्हता.

"येतंय का न्हाई काय, पोरी?"

"डोंबलाचं येतंय, आत्ती! समदं बरोबर लिवलंय, तरी उलटंच हुतंय."

बोलता बोलता ती थबकली. कोबोलात आधी काय उचलायचं ते सांगायचं, मग कुठं ठेवायचं. असेंब्लरमध्ये आधी कुठं, मग काय. पहिल्याच धड्यात वाचलं होतं की! पण बोटांची खोड जाते थोडीच? सकाळपासून ती रिकामी जागा उचलून नावांवर ओतत बसली होती.

तिनं दोन शब्दांची अदलाबदल केली. नावं भराभर उमटली. तिनं काम पाठवलं आणि थोड्याच वेळात पृथ्वीराज साहेबांचा फोन आला.

"झकास! आता टीममध्ये ही भाषा येणारी तू एकटीच. तुला घरी ठेवून कसं चालेल? एक तारखेपासून पुण्याला ये, बाकीच्यांना शिकव."

"पण सर, तुम्हीच म्हणाला होतात..."

"अगं, प्रमोशन आहे हे!"

फोन बंद झाला. तो भिंतीवर आपटावा असं अंकिताला वाटलं.

शालूबाई साखरेचा डबा घेऊन लगबगीनं आल्या. "पास झालीस न्हवं? झकास म्हनल्यालं आयकलं म्या." त्यांनी चिमूटभर साखर सुनेच्या तोंडात घातली आणि नातीला हाक मारली, "प्रांजल, ये गं! तुजी आई आता कुटंबी जात न्हाई!"

प्रांजल टाळ्या पिटत आली आणि मांडीवर चढून बसली. अंकितानं हातातला फोन हळूच पालथा ठेवला.