प्रेमिला भांडायला लागली

"गावाकडच्या, कुहीच्या घरावरचे पत्रे तुमच्या भावानं विकले, तवा तुमी काहून गप्प बसले?"

देवराव नुकतेच जेवून उठले होते. हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला होता, खिसा रिकामा होता, आणि स्वयंपाकघरातून हे आलं.

"जमाना झाला त्याले," ते म्हणाले.

"म्हणून विसरू? माह्या बांगड्या मोडून आणले होते ते पत्रे."

"बांगड्या? एकच होती, अन् तेही वाकडी!"

भांडण पेटलं. देवराव ओरडले, प्रेमिलाने शब्दाला शब्द दिला. मग वाक्य अर्धवट सोडून ती आत गेली आणि लिंबाचं सरबत घेऊन आली. त्यांनी पेला दूर सारला.

गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात देवरावांचा जन्म उभ्याने गेला होता. एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं येईपर्यंत सिगारेट. आता डाव्या पायाचं एक बोट काळं पडून कापावं लागलं होतं. सर्जनने सरळ सांगितलं, "पुन्हा सुरू केलीत तर पुढच्या वेळी गुडघ्यापासून."

व्यसन सोडवणाऱ्या बाईंकडे दोघांना पाठवलं होतं. "तलफ फार वेळ टिकत नाही, काका," त्या म्हणाल्या, "तेवढा वेळ कसातरी काढायचा." बडीशेप चघळा, पाणी प्या, असंही सांगितलं. मग देवरावांना बाहेर बसवून प्रेमिलाला थांबवून घेतलं. माझ्या तक्रारी सांगत असेल, असं म्हणत देवराव बाकावर धुमसत बसले.

त्या दिवसापासून घराचा आखाडा झाला.

प्रेमिला आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नव्हती. आता सकाळी पेपर उघडला की तिला जुनी स्कूटर आठवायची. ती काहून विकली? आंघोळ करून आले की नणदेला दिलेली साडी. बडीशेपेचा डबा हातात असतानाही तिचं तोंड चालूच.

देवरावांनी अर्थ लावला. माणूस कमावतो तोवर बायको गप्प. बोट कापून घरी बसला की साठवलेलं सगळं बाहेर येतं. पायापेक्षा हे जास्त ठणकत होतं.

संध्याकाळचा चहा सगळ्यात वाईट. पहिला घोट गेला की घसाच धूर मागायचा. एका संध्याकाळी त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आपल्या लग्नात माह्या बापाले शेवटच्या पंगतीत बसवलं."

कप इतक्या जोरात आदळला की चहा पेपरभर सांडला.

"मेलेल्या माणसाले तरी सोड!" त्यांनी काठी उचलली.

"कुठं चालले?"

"तू नाहीस तिथं."

कोपऱ्यावर नानाजीचा पानठेला होता. "या देवरावभाऊ! घरून हाकललं का?"

"एक दे."

नानाजी थबकला. "अन् पाय?"

"त्या बाईसंग राहाण्यापेक्षा पाय गेलेला बरा. दे म्हणतो ना!"

नानाजीने सिगारेट दिली. देवरावांनी ती ओठात धरली आणि दोरीला लटकलेल्या लायटरकडे हात नेला.

"मले एकदाही सिनेमाले नाही नेलं!"

मागे प्रेमिला उभी होती, धापा टाकत. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात त्यांची.

ठेल्यावरची माणसं हसली. "वहिनी, आज नेतील!" कुणीतरी म्हणालं.

देवरावांच्या कानशिलांत रक्त चढलं. उत्तर जिभेवर होतं, पण तोंडात सिगारेट. त्यांनी ती काढली.

"तिकिटं आणले होते! तुह्या माहेरचेच टपकले त्या दिवशी!"

"खोटं!"

"खोटं? कोंबडी कापाले मीच गेलो होतो, तिकिटं खिशात घेऊन!"

"अन् गजरा? गजरा तरी आणला का कधी?"

"तुले फुलाच्या वासानं शिंका येतात, बाई! रात्रभर शिंकतेस! म्हणून नाही आणला!"

"अन्..." प्रेमिलाने तोंड उघडलं. "अन् तुमी..."

देवराव पुढच्या वाराची वाट बघत होते, लालबुंद, मूठ आवळून. बोटांच्या फटींतून तंबाखू खाली गळत होती.

प्रेमिलाने त्या मुठीकडे पाहिलं आणि ती ठेल्याच्या बाकावर मटकन बसली. आवाज एकदम खाली आला.

"गेली का जी तलफ?" तिने विचारलं. "उद्यासाठी माह्यापाशी एकबी भांडण नाही उरलं."