जवळपासचे फोन

आठवड्यात तिसऱ्यांदा काकू मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आल्या. "परवाच नवी बॅटरी घातलीस, तरी दुपारपर्यंत मान टाकतोय बघ."

दुरुस्तीवाल्याने फोन चाळला आणि कपाळाला हात लावला. "काकू, फोटो पाठवायला जवळपासचे फोन शोधायची सोय असते ना, ती तुम्ही दिवसभर चालू ठेवता. बॅटरी त्यानेच संपते, वायफायही त्यानेच तुटतं. बंद करून टाकू?"

"नको रे," काकू दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "मुलगा वरच्याच मजल्यावर राहतो, पण भांडण झाल्यापासून बोलत नाही. तो कामावरून घरी आला, की इथे त्याच्या फोनचं नाव दिसतं.


ते दिसलं, की मग मी जेवून घेते."