उद्याची झोप

मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून उद्याबाई चौदा दिवसांची झोप एका दमात लिहून काढत होती. हे नाव मैत्रिणींनी ठेवलेलं, आणि तिने ते इमानेइतबारे चालवलं होतं. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी झोपेचा तक्ता रोज उठल्या उठल्या भरायचा आणि शुक्रवारी द्यायचा. तक्ता नाही, तर परीक्षेच्या यादीत नाव नाही.

काही केल्या आठवेना. पहाटेपर्यंत जागी होती तो सोमवार, की मंगळवार? दुपारी पडून संध्याकाळी उठलं की तिला नवाच दिवस उजाडल्यासारखा वाटे. शेवटी सगळीकडे झोपली साडेदहा, उठली साडेसहा असं ठोकून दिलं आणि ती आत गेली.

मॅडमचं बोट ओळीमागून ओळ खाली आलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"ही कालची रात्र?"

"हो मॅडम, गुरुवारची."

"अगं, गुरुवार आज आहे."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा कॅलेंडरकडे.

"म्हणजे आज रात्रीची झोपही उरकलीस," मॅडम म्हणाल्या. "गाढ लागली, असंही लिहिलंयस."

आयुष्यात पहिल्यांदा ती एक दिवस आधी आली होती, आणि नेमकी तेव्हाच सापडली. तिला रडू फुटलं. "मी कधी झोपते ते मलाच कळत नाहीये हो, मॅडम."

मॅडमनी कोरा तक्ता पुढे सरकवला. "यादी पंधरा दिवसांनी जाते. आजपासून भर. एक दिवस चुकलीस तर माझ्याही हातात काही नाही."

ती पुन्हा बाकावर येऊन बसली. उद्यापासून नाही, आजपासूनच, असं तिने स्वतःला बजावलं आणि पेनाचं टोपण काढलं.

जाग आली तेव्हा मान अवघडली होती. केबिनला कुलूप होतं. मांडीवरच्या तक्त्यात पहिल्या ओळीवर मॅडमचं अक्षर होतं: झोपली, दुपारी तीन दहा. 'उठली'चा रकाना रिकामा. घड्याळात पावणेसहा वाजले होते, खिडकीत उजेड होता, पण कसला ते समजेना.

फरशी पुसणाऱ्या मावशींना तिने विचारलं, "मावशी, सकाळ आहे की संध्याकाळ?"

"संध्याकाळ. तुझ्या मॅडम गेल्या मघाशीच. मला बजावून गेल्या, हिला उठवू नका, ती अभ्यास करतेय."