धुतलेला कीबोर्ड

अस्मिता केस पुसत बाहेर आली, तर तिचा कीबोर्ड नळाखाली होता आणि सासरे वामनराव तो ब्रशनं घासत होते.

"मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"खंडेनवमी हाय ना वं आज. घरचे सारे अवजारं धुतले, तुयं काहून ठेवाचं?"

बाजूला धुतलेला विळा, खुरपं आणि कुऱ्हाड मांडून ठेवली होती. वामनराव पारशिवनीकडची शेती धाकट्या मुलावर सोपवून शहरात महाल भागातल्या या घरी आले, तेव्हा एवढंच सोबत घेऊन आले होते.

अस्मिताला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. दुपारी तिची ड्यूटी सुरू होणार होती. कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना घरूनच टाइप करून उत्तरं द्यायची. घरात मात्र या कामाला काम म्हणायला कुणी तयार नव्हतं. 'बसलीच आहेस तं कुकर लाव' हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आता कीबोर्डही गेला.

गच्चीवर जाऊन तिनं एकेक बटण उपटून उन्हात पसरलं. वामनराव मागोमाग आले. आपलं काहीतरी चुकलं, एवढं त्यांना कळलं होतं.

"हे लांबडं कायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"शब्दांच्या मधात जागा सोडाचं."

"अन् हे?"

"चुकलं तं मागं जाऊन पुसाचं."

"हे सकाळी माह्यापाशी पाह्यजे होतं," ते म्हणाले. अस्मिताला रागातही हसू आलं.

मग त्यांनी दोन बटणं उचलली. "या दोघायवर काहीतरी चिकटलं हाय. लय घासलं, निघतच नाही."

"नका घासू. ते उंचवटे मुद्दाम असते. त्याच्यावरून बोटाले समजते आपण कुठं आहो ते. खाली पाहावं लागत नाही."

"म्हणजे तू न पाहता लिहिते?"

"हो."

वामनराव बराच वेळ त्या उंचवट्यावरून अंगठा फिरवत राहिले. "कापतानी मीबी विळ्याकडं नाही पाहात," ते म्हणाले.

अस्मिताचा उरलासुरला राग तिथंच गेला. या घरात तिच्या बोटांबद्दल एवढं कुणी बोललंच नव्हतं.

ऊन कडक होतं. बटणं सुकली, जागच्या जागी बसली, आणि नशीब थोर म्हणून कीबोर्ड चाललाही. वामनरावांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, विळ्याशेजारून उचलला आणि स्वतःच तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. खोलीचं दार ओढून घेऊन ते बाहेर दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळानं शेजारच्या यमुताई आल्या. "अस्मिताले पाठवा ना जरा. पुरण वाटाचं हाय, माह्या एकटीच्यानं नाही होत."

आतून बटणांचा आवाज येत होता. तो यमुताईंनाही ऐकू येत होता.

"घरी नाही थे," वामनराव म्हणाले. "कामाले गेली हाय."