अर्ध्या सुईचं कार्ड

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि पेनाच्या टोकानं कमरेच्या मणक्यांमधली पांढरी रेघ दाखवली. अर्ध्या पेराएवढी, सरळ. अशी रेघ माणसाच्या अंगात नसते, एवढं कुणालाही कळलं असतं.

"सुई आहे. तुटलेली," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काय काम करता?"

"शिवणकाम," आई म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. पुढचं काही विचारायची त्यांना गरजच वाटली नाही.

पाच वर्षांच्या त्या पोरीला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. गेले दोन महिने हीच भिंगरी डावा पाय ओढत चालत होती आणि अंथरूण ओलं करत होती. सगळ्यांना वाटलं, नाटकं करतेय. त्यापायी आईनं एकदा धपाटाही घातला होता. तो आठवला की आता तिला स्वतःचाच हात नकोसा व्हायचा.

हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यापासूनची माहिती लिहून घेतली. मुलगी याच हॉस्पिटलात जन्मली. विसाव्या दिवशी खूप ताप आला, तो मेंदूत गेल्याची शंका होती, म्हणून पाठीतून पाणी काढून तपासलं. पंधरा दिवसांत ठणठणीत होऊन घरी गेली. मोठ्या डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि भिंगरीचा गाल ओढला.

"तेव्हाही माझ्याच हातून बरी झालीस. आताही होशील."

मग त्यांनी आईबापांना नीट समजावलं. सुई पायाकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्यात अडकलीय. नाही काढली तर पाय जाईल, आणि काढताना धक्का लागला तरी जाईल. निघता निघता त्यांनी आईला सुनावलंच. रांगतं पोर घरात असताना सुया अशा पडू द्यायच्या असतात का? आई खाली मान घालून उभी राहिली.

ती लहान मुलांच्या कपड्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं कामाला होती. तिथला एक नियम फार कडक. मशीनची सुई तुटली की काम बंद. सगळे तुकडे शोधायचे, चिकटपट्टीनं कार्डावर लावायचे, जुळवून दाखवायचे, मगच नवी सुई. एक कण जरी सापडला नाही, तरी त्या टेबलावरचे सगळे कपडे बाजूला. न जाणो, कुठल्या बाळाच्या अंगात जायचा. या कामावर तीच देखरेख करायची. नव्या पोरी तिला मागून सुईबाई म्हणायच्या, आणि तिला ते ठाऊक होतं.

आणि याच सुईबाईच्या घरी, भिंगरी रांगत असताना, मशीनची सुई तुटली होती. टोक उडालं ते सापडलंच नाही. दुपारभर तिनं सतरंजी झटकली, लोहचुंबक फिरवलं, शेवटी कंटाळून नवी सुई लावली. उरलेला अर्धा तुकडा मात्र सवयीनं कार्डावर चिकटवून ठेवला होता. चार वर्षं तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

भिंगरीला शस्त्रक्रियेसाठी आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर तिनं नवऱ्याला ते कार्ड दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. मग कार्ड तिच्या हातात परत देत म्हणाला, "हे ताईला सांगू नकोस." ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. ती एव्हाना सगळीकडे सांगत सुटली होती, की पोरीपेक्षा हिला मशीन प्यारी.

साडेतीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. तुकडा निघाला होता. नसा शाबूत होत्या, पायाची बोटं हलत होती. आईचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत तिनं तुकडा मागितला.

"तो कशाला हवाय आता? तपासायला गेलाय," डॉक्टर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे बघा, स्वतःला दोष देऊ नका. घडतं असं."

त्या दिवशी फैलावर घेणारा हाच माणूस. त्याच्या मायेनं बाई आणखीच रडली.

पण तुकडा मिळाल्याशिवाय तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मागितला, डॉक्टर म्हणाले, बघतो. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मिळत नाहीये. चौथ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला आलेल्या सिस्टरनं स्वतःहूनच खिशातून छोटी बाटली काढली. शस्त्रक्रियेच्या खोलीत मागच्या फळीवर होती म्हणे. "आमच्याकडे जे निघेल ते आईबापांनाच देतात. नाकातला मणीसुद्धा," ती हसून म्हणाली आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

आईनं पर्समधून कार्ड काढलं. तुकडा आपल्या अर्ध्या सुईशेजारी ठेवला. तुटलेली टोकं जुळेनात. जाडीही जुळेना. तिनं तुकडा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटला आणि तुटक्या टोकाच्या मधोमध घातला. केस सुईच्या पोटातून सरळ पलीकडे निघाला.

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. भिंगरी बाबांचा हात धरून पलंगाशी उभी होती, दोन्ही पायांवर. डॉक्टरांनी तिला शाबासकी दिली. मग त्यांचं लक्ष आईच्या मांडीवरच्या कार्डाकडे गेलं आणि ते थांबले.

"डॉक्टर," आई म्हणाली, "माझ्या सुईचा अर्धा तुकडा मी चार वर्षं जपून ठेवलाय. या पोकळ सुईचा अर्धा पाच वर्षांपूर्वी, हिच्या पाठीतून पाणी काढताना, तुमच्या हातात राहिला असेल. तो कुठल्या कार्डावर लावलाय?"